जिऱ्याला एक रात्र

घरी पनीर करणं आता कुणाला नवलाचं वाटत नाही. दूध उकळलं, लिंबू पिळलं, फडक्यात बांधलं, वर वजन ठेवलं, झालं. खरी भांडणं त्याच्या पुढची: त्यात घालायचं काय? आमच्या शहापुरात, म्हणजे बेळगावच्या शहापुरात, हे भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. कधी कधी उलट. माझं मत आधीच सांगून टाकतो. एका पनीरला एकच वास. जिरं तर जिरं, मिरी तर मिरी. सगळं एकदम घातलं की पनीर उरत नाही, घट्ट झालेला मसाला उरतो.

आईचा तर मुळातच विरोध. "दूध आपोआप नासलं तर जीव हळहळतो, आणि तू लिंबू पिळून नासवतोस!" हीच आई पाडव्याच्या आदल्या रात्री दही टांगते, सकाळी चक्क्यावर जायफळ किसते, केशर दुधात खलून ओतते. गोठ्यावरून चीक आला की गूळ आणि वेलदोडा घालून खरवस वाफवते. आणि बेळगावचा कुंदा? उकळत्या दुधात दही घालून ते रवाळ करायचं आणि साखर जाळून तांबूस रंग आणायचा, हीच तर त्याची गंमत. म्हणजे दूध फाडणं आम्हाला वर्ज्य नाही, फाडून पुढे काय केलं एवढाच प्रश्न. हे सारं मी तिला ऐकवतो. ती म्हणते, "ते वेगळं." विषय संपला.

पण तिच्या या 'वेगळ्या' प्रकारांत पनीरवाल्यांना हवी असलेली सगळी अक्कल आहे. खरवसात वेलदोडा आधी घातला तरी चालतं, कारण चीक भांड्यात आहे तसा घट्ट होतो, त्यातलं काही बाहेर जात नाही. चक्क्यात मात्र जायफळ पाणी निथळल्यावरच. आधी दह्यात घालून टांगलं तर वासातला बराचसा भाग पाण्याबरोबर मोरीत. पनीर चक्क्याच्या जातीचं आहे. तरीही उत्साही मंडळी उकळत्या दुधातच जिरं, मिरी, कोथिंबीर सगळं टाकतात. जिरं भिजून मऊ होतं, कोथिंबीर काळपट पडते आणि अर्धी चव पनीरच्या पाण्यात उतरते. त्या पाण्यात कणीक भिजवली तर चपात्या झकास होतात हे खरं, पण मग चपात्यांसाठीच एवढा खटाटोप केला म्हणायचं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. दूध म्हशीचं असेल तर सोनं. स्निग्धांश जास्त, त्यामुळे पनीर भरतं जास्त आणि लागतंही मऊ. लिटरभर दुधाचं 200 ग्रॅमच्या आसपास निघतं. उकळी आली की गॅस बंद करून थोडं थांबायचं, मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा सोडायचा. खालचं पाणी हिरवट, नितळ दिसलं की हात आवरायचा. त्यापुढचा प्रत्येक थेंब पनीर आंबट आणि चरचरीत करतो, आणि आंबट पनीरवर कसलाच वास खुलत नाही. मग फडक्यात ओतून गार पाण्याचा एक हात. आता ते कोमट, भुसभुशीत, ओलसर असतं, बोटांत धरलं तर लाडवासारखं वळतं. घालायचं ते याच वेळी. पाव किलोला पाऊण चमचा मीठ आणि वासाचं जे काही असेल ते, हलक्या हाताने मिसळून पुन्हा बांधायचं. मीठ दुधात घालणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांचं मीठ कुठे जातं ते त्यांची मोरी जाणे.

आता जिरं. कोरडं भाजायचं, रंग बदलला की उतरवायचं, खलबत्त्यात दोनच ठोके द्यायचे. पूड नको, पूड पनीरला मळकट करते. पाव किलोला एक चमचा पुष्कळ. मिसळल्या मिसळल्या चाखाल तर वाटेल, लागतच नाही काही, अजून घालूया. इथेच बहुतेकांचा तोल जातो. जिऱ्याचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल दुधाच्या स्निग्धात सावकाश उतरतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तेच पनीर जिरं बोलतं, आणि तेही ओरडून नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिरची घालावी. संकेश्वरी मिरची जरा भाजून, हाताने चुरून, बिया झटकून पनीरमध्ये मिसळायची. संध्याकाळी पांढऱ्यात लाल ठिपके, बस. सकाळी कापलं की प्रत्येक ठिपक्याभोवती केशरी कडं उमटलेलं असतं. मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, तिखटपणाचंही तसंच. म्हणून तर ठसका लागल्यावर पाण्यापेक्षा दूध बरं. त्याच कारणाने पनीरमधली संकेश्वरी नुसत्या संकेश्वरीपेक्षा शहाण्यासारखी वागते. रंगच हवा, जाळ नको, तर ब्याडगी घ्यावी. हावेरी जिल्ह्यातल्या या मिरचीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची सुरकुतलेली साल रंगाला उदार आणि तिखटाला कंजूष. लहान मुलं असलेल्या घरात ब्याडगी, निपाणीकडचे पाहुणे आले तर संकेश्वरी. निपाणीचा माझा मामेभाऊ दोन्हींना नाकं मुरडतो. त्याला त्यात कांदा-लसणाची चटणी हवी. मी म्हणतो, भाकरीबरोबर शेजारी वाढ की बाबा, पोटात कशाला घालतोस?

शेजारच्या अक्का गोकाकच्या. त्यांच्या घरात गुरेळ्ळूची, म्हणजे आपल्या कारळ्याची, चटणी बारमाही. एकदा त्यांनी वाटीभर पाठवली आणि वर निरोप, "हाक्री (म्हणजे घाला हो), पनीरला लावून बघा." आत मिसळायची नाही हे त्यांनीच सुचवलं. पनीर दाबून घट्ट झालं की त्याची वडी चटणीत चारी बाजूंनी घोळवायची आणि तशीच डब्यात. कापलं की आत पांढरंशुभ्र, कडेला काळी किनार; कारळ्याचा तो खमंग, किंचित कडवट घास आधी आणि दुधाची गोडी मागून. शेंगदाण्याच्या चटणीत घोळवलं तर लवकर ओलं पडतं, जवसाच्या चटणीने चिकट होतं. कारळ्याला तोड नाही. माझा एकच-वासाचा नियम इथे मोडतो, कारण चटणीत लसूण आहे, मिरची आहे, चिंच आहे. पण अक्कांपुढे नियम सांगायची माझी छाती नाही.

ओल्या जिन्नसांबद्दल मात्र मी कडक आहे. कच्चा लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, पुदिना: सगळ्यांत पाणी असतं, आणि मातीतून आलेले जंतूही. साधं पनीर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस धड राहतं. ओली कोथिंबीर घातलेलं दुसऱ्या दिवशीच संपवावं. कच्च्या लसणाच्या पाकळ्या घालून पनीरचे तुकडे तेलात बुडवून बरणी आठवडाभर ओट्यावर ठेवायची फॅशन आली आहे. ती बघून मला धडकी भरते. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही पुरेसा नसतो, आणि नेमकं अशाच जागी बोट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष तयार होऊ शकतं. वासावरून ते कळतही नाही. लसूण हवाच तर वाळवलेला घ्यावा, किंवा तुपात तळून खाताना वरून घालावा.

वासाच्या बाबतीत परदेशी लोक आपल्यापेक्षा फार पुढे आहेत असं समजायचं कारण नाही. डच लोकांच्या लायडनच्या चीजमध्ये घालतात काय, तर जिरं. त्यांच्याच फ्रिसलंड प्रांतातल्या चीजमध्ये लवंग. गौडा चीजमध्ये मेथीदाणे घालणारेही आहेत. हेच डच सतराव्या शतकात आमच्या घाटाखाली वेंगुर्ल्यात वखार टाकून बसले होते. तिचे अवशेष अजून उभे आहेत. बेळगावकर आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला मासे खायला जातो, वखारीसमोर फोटो काढतो आणि परत येऊन विचारतो, "चीजमध्ये जिरं? कसं लागेल?" त्यांचं चीज महिनोन्‌महिने मुरतं, आपलं पनीर एका रात्रीचं. म्हणून त्यांना अख्खं जिरं चालतं, आपल्याला भाजून ठेचायला लागतं. फरक एवढाच.

खानापूर-जांबोटीकडून कुणी तिरफळं आणली की मी ती नक्की वापरतो, पण जपून. आतली काळी बी काढून टाकायची, सालपट तेवढं भरड कुटायचं, पाव किलोला दोन-तीन तिरफळं बास. संत्र्याच्या सालीसारखा वास येतो आणि जीभ जराशी झिणझिणते. आमच्याकडे याचे चाहते कमी. आईच्या मते तिरफळ बांगड्यातच शोभतं, आणि याबाबतीत तिला बराच पाठिंबा आहे.

सध्या वाद ऑरिगॅनोचा आहे. पुतणी पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवते, तिचा एक डबाच भरलाय. "काका, या सगळ्या घाल ना." मी तिला ओवा चोळून हुंगायला दिला. ओव्याचा वास थायमॉल नावाच्या ज्या द्रव्याचा, तेच ऑरिगॅनोतही असतं, त्यामुळे दोघांची नाकं बरीच जुळतात. तिने हुंगलं, विचार केला आणि म्हणाली, "हा तर आजीच्या पोटदुखीचा वास आहे." मी ओव्याचं पनीर बांधून ठेवलं. तिने पुड्या फोडून आपलं वेगळं बांधलं, तेही सगळ्या पुड्या एकदम, वर मिरचीचे फ्लेक्स. आईने दोन्ही डब्यांवरून नजर फिरवली आणि अक्कांच्या चटणीची वाटी पुढे ओढली.