तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा कासवाला एवढी मोठी टाकी कशाला?

घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता हेच विचारतो. परवा मावससासूबाईंनी तर "आमच्या वेळी एवढ्या जागेत दोन पोरं झोपायची" असं सुनावलं. दर वेळी मी "तिला लागते हो" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. आज मात्र सगळं सांगून टाकते.

टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद. पंधरा इंच भरली की साधारण 280 लिटर पाणी. ठकीचं, म्हणजे आमच्या लाल कानाच्या कासवीचं, कवच आता साडेसात इंचांचं आहे. कवचाच्या दर इंचामागे 38 लिटर असा कासवं पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असतो. त्या हिशोबाने ही टाकी मोठी नाही, जेमतेम आहे. या जातीत माद्या दहा-अकरा इंचांपर्यंत वाढतात. शिवाय कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं, म्हणून तो कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे पाणी गाळणारा डबा, दिवसरात्र चालू असतो. वरचे दोन बल्ब शोभेचे नाहीत. एकाखाली दगडावर 32 अंशांची ऊब मिळते. दुसरा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा. त्या दुसऱ्याबद्दल सांगायचं तर मोरूबद्दल सांगावं लागेल.

कासवं दोन आणली होती, मोरू आणि ठकी. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडीशीच मोठी. दुकानदाराने प्लॅस्टिकचं पसरट भांडं दिलं, त्यात खोटं नारळाचं झाड आणि एक चढण. सोबत सुक्या कोळंबीची डबी. "एवढीच राहतात, ताई," म्हणाला. मी विश्वास ठेवला. भांडं खिडकीशी ठेवलं, काचेतून छान ऊन यायचं.

पावसाळ्यात मोरूचे डोळे सुजून मिटले. खाणं सुटलं. "कासवं झोपतात तशी झोपला असेल," असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते पटलं, कारण तेव्हा तेच पटवून घेणं सोयीचं होतं. बारा दिवस थांबले. मग ठाण्याहून लोकलने, मांडीवर झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन, कासवांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोरूला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने पाठीवर हलकेच दाबलं. कवच दबलं. धुणं झाल्यावर नखं कशी मऊ होतात, तसं. त्यांनी माझा अंगठा धरून तिथे ठेवला, "तुम्हीच बघा" म्हणाले. तो स्पर्श अजून माझ्या अंगठ्याला आहे.

ऊन कुठे मिळतं, असं त्यांनी विचारलं. "खिडकीत," मी म्हटलं. "काच उघडी?" पाऊस होता, काच बंदच असायची. त्यापूर्वीही डासांमुळे बंदच. उन्हातले यूव्हीबी किरण काचेतून येत नाहीत. ते नाहीत तर अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी3 नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही कवचाला लागत नाही. नुसत्या सुक्या कोळंबीमुळे अ जीवनसत्त्वही कमी पडलं होतं, डोळे त्यानेच सुजले होते. इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी सकाळी मोरू पाण्यावर तरंगत होता, मान बाहेर लोंबलेली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. "आई, आपण त्याला ऊन देत होतो ना?" एवढंच तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं, हे मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरंही आहे ते. पण ठकीच्या कवचाच्या कडा वर वळायला लागल्या होत्या, ते मला दिसत होतं. नोकरी, शाळा, सासऱ्यांचं आजारपण, सगळं होतं. तरी हातात फोन होता. बारा दिवसांत एकदाही मी नीट वाचलं नाही. त्या वेळच्या मला माफ करावं असं कधी वाटतं, कधी अजिबात वाटत नाही.

"मग तलावात सोडून दे," हेही तुम्हीच सांगता. ही कासवं मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. जगातल्या सर्वांत घातक 100 उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. आपल्या तळ्यातल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा ती बळकावतील. आणि "मग आपल्याकडचंच पाळ" म्हणणाऱ्यांना सांगते, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली इथली कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे ठकी कुठेच जाऊ शकत नाही. नीट सांभाळलं तर ती तीस वर्षं जगेल. तोवर मी पासष्टीच्या पुढे गेलेली असेन.

यूव्हीबीचा बल्ब दिसायला पेटतच राहतो, पण त्यातले किरण आधीच संपतात. म्हणून कालनिर्णयवर दर सहा महिन्यांनी लाल पेनने गोल केलेला असतो. मध्ये काच येऊ देत नाही, जाळी लावलीय.

दुपारी ठकी दगडावर चढते, मागचे पाय ताणते, बोटं पसरते, मान लांब करून डोळे मिटते. मुलगी म्हणते, सुखी आहे ती. असेलही. पण संध्याकाळी ती एकाच काचेला नाक लावून तासभर इकडून तिकडे पोहत राहते. भूक नसते, मी बघितलंय, खायला टाकलं तरी थांबत नाही. तेव्हा मला ही टाकी फार लहान वाटते.