फॉर्म 'बी' दोनदा परत आला तेव्हा

फार्मसीत पीएच.डी. करताना माझे साडेचार महिने एका अर्जात गेले. प्राण्यांवर प्रयोग करायची परवानगी मागण्याचा हा अर्ज, म्हणजेच फॉर्म 'बी'. क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर एक औषध चालतं का, हे उंदरांमध्ये बघायचं होतं. सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, जैवसुरक्षा समिती, सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती आमच्या संस्थेतल्या, प्राण्यांवरील प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपाशी.

पहिल्यांदा अर्ज परत आला तेव्हा त्यावर एकच ओळ होती: 'प्राण्यांच्या संख्येचे समर्थन अपुरे.' नेमकं काय अपुरं, ते कुणी सांगेना. टेबलावर विचारलं की उत्तर ठरलेलं, 'मीटिंगमध्ये कळेल.' आणि मीटिंग भरेना, कारण केंद्राच्या समितीने नेमलेला प्रतिनिधी हजर असल्याशिवाय ती घेता येत नाही. हा नियम योग्यच आहे, त्याला माझी ना नाही. पण तारीख दोनदा पुढे गेली आणि मला कळलं ते तिथे पोहोचल्यावर. मे महिना, नागपूरचं ऊन, डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर्धा रोडने स्कूटीवर यायचं आणि तसंच परतायचं. एक फोन करायला कितीसा वेळ लागतो? त्याचा राग अजून गेलेला नाही.

संख्येचं मात्र चुकलं होतं माझंच. ५ गट, प्रत्येकी १० उंदीर, असं मी लिहिलं होतं, कारण सीनिअरच्या प्रबंधात तसं होतं. फुफ्फुसातले जिवाणू मोजायचे तर फुफ्फुस काढावं लागतं, म्हणजे तोच उंदीर २४ तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी मोजता येत नाही. दोन्ही वेळांसाठी वेगळे उंदीर लागतात. शेवटी एक गट वगळला आणि ४ गट, प्रत्येकी ६, दोन वेळा, असे ४८ मांडले. प्रत्येक वेळेचे २४ उंदीर, त्यातून ४ गट वजा केले की २०. हा आकडा १० ते २० मध्ये बसला की संख्या पुरेशी धरतात. हे एवढं गणित अर्जात लिहून दाखवा, नुसता आकडा टाकू नका.

दुसऱ्यांदा प्रश्न आला, 'प्रयोग कधी थांबवणार?' मी लिहिलं होतं, 'ठरलेली वेळ किंवा मृत्यू.' ते वाचून समितीतल्या पशुवैद्यक मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तू नुसती वाट बघणार?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी प्राणीगृहात काकांकडे गेले. वीस वर्षं पिंजरे सांभाळणारा माणूस. ते म्हणाले, "आजारी उंदीर घरटं नाही करत जी. केस उभे करून, पाठ वाकवून कोपऱ्यात बसून राहते." त्यांच्यासोबत बसून मी निरीक्षणाचा तक्ता केला: केस, पाठ, हालचाल, घरटं, वजन. वजन २० टक्के घटलं की उंदराला त्रासातून सोडवायचं. तापमानही घेतलं, कारण जंतुसंसर्ग बळावला की उंदराला आपल्यासारखा ताप येत नाही, अंग उलट गार पडतं.

आत्ता आठवलं म्हणून सांगते, अर्जातला उंदरांच्या खोलीच्या तापमानाचा रकाना हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि घरी असतो तसा कूलर तिथे चालत नाही, दमटपणा वाढतो. वीज गेली तर एसीची पर्यायी सोय काय, हे आधीच लिहा. 'जिवाणू नाकावाटेच का?' हाही प्रश्न येतोच. पोटात टोचले तर ते थेट रक्तात पसरतात, मग तो फुफ्फुसाचा आजार राहत नाही, एवढं उत्तर पुरतं.

तिसऱ्या वेळी दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. तक्ता वाचून मॅडम म्हणाल्या, "हे छान केलंस." साडेचार महिन्यांचा शीण तिथेच उतरला.

पत्र हातात पडल्यावर आधी काकांना दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "आता टिश्यू पेपर आणून ठेवा जी, घरट्याले लागते."