पुढून हलकी होणारी गाडी आणि सदतीस किलोंचा हिशेब

श्टुटगार्टहून दक्षिणेला बोडन सरोवराकडे जाणाऱ्या ए-८१ महामार्गावर वाइटिंगन गावाजवळ नेकार नदीचे खोरे ओलांडणारा एक पूल आहे. तो सुमारे ९०० मीटर लांब आणि खोऱ्याच्या तळापासून १२७ मीटर उंच आहे. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, नव्याने घेतलेली जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन मी या पुलावर आलो तेव्हा डावीकडून वाऱ्याचा एक झोत आला, गाडी हातभर उजवीकडे सरकली आणि ती परत रेषेत आणण्यासाठी मी स्टेअरिंग वळवले तर पहिल्या काही अंशांत काहीच घडले नाही. रस्ता कोरडा होता आणि चाके घसरली नव्हती. हातात जे चक्र होते त्याचा पुढच्या चाकांशी असलेला संबंध कुणीतरी सैल केला आहे, एवढेच त्या क्षणी जाणवले.

गाडी तीस वर्षांहून जुनी, जपानी बनावटीची, दोन आसनांची आणि इंजिन आसनांच्या मागे असलेली आहे. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते बहुतांशी कारखान्याचे नसून आधीच्या मालकाच्या हौसेचे होते. वजन १०५० किलो आणि त्यातले जेमतेम ४२ टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे माझ्यासकट सुमारे ४७० किलो. पॉवर स्टेअरिंग नाही. त्यामुळे टायरवर काय चालले आहे ते हातांना थेट कळते, आणि ऐंशीच्या वेगाला नेमके बोलणारे हे स्टेअरिंग दीडशेच्या वेगाला गप्प होते, हेही तितकेच थेट कळले.

पुण्याला बाबांना फोनवर हे सांगितले. त्यांनी आयुष्यभर मागे इंजिन असलेली रिक्षा आणि पुढे इंजिन असलेली जीप अशा दोन्ही गोष्टी जवळून पाहिलेल्या आहेत. ते म्हणाले, “अरे, मग पुढच्या डिकीत गव्हाचं पोतं टाक की!” मी हसलो खरा, पण बाबांच्या या सूचनेला फार प्रतिष्ठित पूर्वज आहेत. याच श्टुटगार्ट शहरात बनलेली पोर्शे ९११ ही गाडी १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही (म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेच्याही) मागे टांगलेले, त्यामुळे नाक हलके. सुरुवातीच्या काही वर्षांत कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले होते. गव्हाचे पोतेच ते, फक्त लोखंडाचे. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेऊन दोन आसांमधले अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केले आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या नाकाच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. हे सगळे उपाय वजनाचे होते. हवेचा उपाय १९७२ च्या ९११ एसमध्ये आला. पुढच्या बंपरखाली खाली उतरणारी एक साधी पट्टी बसवली गेली आणि वजन न वाढवता नाक जमिनीशी अधिक जुळून राहू लागले.

वजनाच्या उपायात मूळ अडचण अशी आहे की वजन वेगाबरोबर वाढत नाही आणि हवेची उचल मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडीच्या वरून जाणारी हवा बॉनेट आणि काचेवरून वळसा घेत वेगाने जाते, त्यामुळे वरचा दाब कमी होतो. नाकाखाली शिरलेली हवा कोंडली की खालचा दाब वाढतो. या दोन दाबांतला फरक पुढचा भाग वर ढकलतो. माझ्या गाडीइतक्या लहान आकारासाठी बेताचा उचल-गुणांक (गाडीच्या आकारामुळे हवा तिला किती उचलते ते सांगणारा आकडा) धरून हिशेब केला तर १०० किलोमीटर वेगाला ही उचल सुमारे १६ किलो येते, १५० ला सुमारे ३६ आणि १८० ला पन्नासच्या वर जाते. म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेत चालवताना कुणाला स्टेअरिंग हलके लागत असेल, तर त्याने हवेला दोष देण्याआधी टायर आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीही तिथूनच सुरुवात केली, कारण “हलके लागणे” आणि “हलके होणे” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडलेले स्टेअरिंग आपोआप सरळ होते ते दोन कारणांनी. एक म्हणजे कास्टर, अर्थात चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, आणि दुसरे म्हणजे टायर स्वतःच किंचित वाकून चाकाला परत सरळ करू पाहतो तो पीळ. हे दोन्ही परिणाम टायरवरच्या भारावर अवलंबून असतात. भार कमी झाला की पीळ कमी होतो आणि स्टेअरिंग हलके लागते. परंतु टायर जुना असेल, त्यात हवा जास्त असेल, चाके बाहेर उघडलेली, म्हणजे त्यांची पुढची टोके बाहेरच्या बाजूला वळलेली असतील किंवा बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, फाटलेले असतील, तर भार पुरेसा असूनही स्टेअरिंग तसेच पोकळ लागते.

माझ्या गाडीत यातले जवळजवळ सगळेच होते. टायरच्या बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यानुसार पुढचे टायर अकरा वर्षांचे होते. नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखे कडक झालेले. हवा चारही चाकांत सारखीच भरलेली होती, वास्तविक अशा गाडीत पुढच्या हलक्या बाजूला मागच्यापेक्षा बरीच कमी लागते. डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा (आर्मचा) मागचा बुश चिरलेला होता. अलाइनमेंटच्या यंत्रावर पुढची चाके एकूण ४ मिलिमीटर बाहेर उघडलेली निघाली. अशी चाके वळणावर चटकन आत शिरतात, म्हणून काही लोक मुद्दाम तसे ठेवतात, पण सरळ रस्त्यावर ती एकमेकांशी भांडत राहतात. टायर बदलले, दोन्ही बाजूंचे बुश बदलले आणि चाके एकूण १ मिलिमीटर आत वळवून घेतली. गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारली. इथेच थांबलो असतो तर प्रश्न सुटला असे मीही मानले असते, आणि चुकलो असतो.

न थांबण्याचे कारण एक कागदी पट्टी. पहिल्या दुरुस्तीच्या आधीच मी पुढच्या चाकाच्या कमानीवर मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी चिकटवली होती आणि बाजूच्या आरशाखाली एक छोटा कॅमेरा पक्का बांधून त्याचा रोख चाकाकडे ठेवला होता. कमानीची कड आणि चाकाचा मध्य यांतले अंतर स्थिर ६० च्या वेगाला किती आणि स्थिर १५० ला किती, एवढेच पाहायचे. रविवारी सकाळी लवकर, वारा नसताना, मर्यादा नसलेल्या सपाट आणि मोकळ्या पट्ट्यावर जायचे आणि दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढायची. जर्मनीत रविवारी जड मालट्रकना महामार्गावर बंदी असते, हा या प्रयोगाला मोठाच आधार आहे. पहिल्या दिवशी नाक ९ मिलिमीटर वर आले. माझ्या स्प्रिंगा चाकाशी मोजल्या तर मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन धरतात. दोन चाके मिळून ३६० न्यूटन, म्हणजे सदतीस किलो. कागदावरच्या अंदाजाच्या इतके जवळ उत्तर आले की मी पट्टी पुन्हा तपासली. मोजणीत एखाद्या मिलिमीटरची चूक सहज असेल, पण खोटे बोलण्याइतकी ती मोठी नाही.

नवे टायर, नवे बुश आणि नवे अलाइनमेंट झाल्यावरही पट्टीवर आकडा तोच राहिला: ९ मिलिमीटर. हातांना सुधारणा जाणवत होती, पण नाक तेवढेच उचलले जात होते. आता स्टेअरिंगला पोकळपणा नव्हता, मात्र १५० च्या पुढे ते प्रामाणिकपणे हलके होत होते.

मग गाडीकडे बाजूने नीट पाहिले. आधीच्या मालकाने फक्त मागे आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या, बहुधा दिसायला बरे म्हणून. त्यामुळे गाडीचा मागचा भाग जवळपास १५ मिलिमीटर खाली आणि नाक वर अशी बैठक झाली होती. कोनात हे अंशाच्या एक तृतीयांशाहून थोडेसेच जास्त भरते, पण वर झुकलेल्या तळाखाली हवा अधिक शिरते, तिने नाक आणखी उचलले जाते आणि मग आणखी हवा शिरते. या चक्राचे टोकाचे रूप १९९९ च्या फ्रान्समधल्या ल मां शर्यतीच्या आठवड्यात जगाने पाहिले, जेव्हा मर्सिडीजच्या सीएलआर गाड्या नाक वर होऊन अक्षरशः उडाल्या. चालक मार्क वेबरची दोनदा आणि प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डंब्रेकची. माझ्या वेगाला आणि वजनाला त्या प्रकाराची भीती नाही, पण तत्त्व तेच आहे. मागे मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसवल्यावर आकडा ७ वर आला.

त्याहून अधिक शिकवणारी गोष्ट म्हणजे मागचा मोठा पंख. मागच्या झाकणावर उंच खांबांवर उभा केलेला हा पंख पाहून कुणालाही वाटेल की तो गाडीला जमिनीला चिकटवून ठेवतो. मागच्या चाकांना तो चिकटवतोही. परंतु तो मागच्या आसाच्याही मागे आहे, म्हणजे लहान मुलांच्या सी-सॉवर एका टोकाला बसल्यासारखा. १५० ला तो वीस किलोंनी खाली दाबत असेल, तर आसापासून त्याचे ६० सेंटिमीटर अंतर आणि दोन आसांमधले २.३ मीटर अंतर पाहता पुढच्या चाकांवरून पाच किलो उचलतो. शिवाय हवेचा जो विरोध तो त्या उंचीवर ओढवून घेतो, त्यानेही गाडी मागे कलते आणि आणखी तीनेक किलो जातात. म्हणजे नाकाच्या तक्रारीतले आठ किलो या शोभेच्या वस्तूचे होते. पंख काढला, भंगारातल्या तशाच एका गाडीवरून कारखान्याचा मूळ छोटा स्पॉयलर आणून बसवला, आणि आकडा ५ झाला.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुढचा भाग दाबून बसवण्याच्या नादात मागचा भाग मोकळा करणे हे मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे, कारण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि मागची सुटली तर फिरते. १९९८ मध्ये आलेल्या ऑडी टीटीच्या बाबतीत महामार्गावर मोठ्या वेगाला मागचा भाग हलका होऊन अपघात झाले आणि नंतर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर आणि सोबत ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवून दिले. म्हणून पट्टी मी मागच्या कमानीवरही चिकटवली. मोठा पंख काढल्यावर मागचा भाग १५० ला २ मिलिमीटर वर येत होता, नाकापेक्षा बराच कमी. तेवढी सवलत मला चालणार होती.

राहिलेले काम नाकाखालचे. रेडिएटर पुढे आहे आणि त्याच्याखाली कारखान्याचा एक आडवा पत्रा असतो, तो माझ्या गाडीत नव्हता. त्यामुळे जाळीतून आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून थेट नाकाखाली कोंडत होती. दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. बंपरखाली ४ सेंटिमीटर उतरणारी लवचीक रबरी पट्टी लावली. जर्मनीत हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही: बाहेरून बसवलेल्या अशा भागाला चाचणीचा दाखला लागतो आणि त्या दाखल्यानुसार ट्युफ या वाहन-तपासणी संस्थेच्या निरीक्षकाकडून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. निरीक्षकाने पट्टीला धारदार कड नाही ना, चाक पूर्ण वळवल्यावर कुठे घासत नाही ना, हे पाहिले आणि पंख काढल्याबद्दल समाधानाने मान हलवली. अवजड पट्टी किंवा आणखी खोल पट्टी लावता आली असती, पण आमच्या इमारतीच्या तळघरातला उतार आत्ताच तिला खरवडतो.

स्टेपनीचीही कथा आहे. आधीच्या मालकाने वजन कमी करण्यासाठी पुढच्या डिकीतली स्टेपनी काढून टाकली होती. जिथे प्रत्येक किलो हवा होता नेमक्या त्याच जागेवरून चौदा किलो. ती परत ठेवली. ती उचल कमी करत नाही, पण चाकांवरचा मूळ भार वाढवते आणि पंक्चर झाल्यावर उपयोगीही पडते, जे लोखंडाच्या ठोकळ्याबद्दल म्हणता येत नाही. बाबांना कळवले तेव्हा त्यांनी गव्हाचा सल्ला मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि मी वाद घातला नाही.

शेवटचे मोजमाप ऑक्टोबरमधल्या एका थंड रविवारी झाले. पुढे ३ मिलिमीटर, म्हणजे साधारण बारा किलो, आणि मागे २. वाइटिंगनच्या पुलावर त्या दिवशीही वारा होता. गाडी हलली, मी स्टेअरिंग नखभर वळवले आणि ती तेवढीच परत आली. पंख तळघरात भिंतीला टेकून उभा आहे. कुणाला भेट द्यावा तर त्याच्या गाडीच्या नाकाची काळजी वाटते.