तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमातला इतिहास आणि आमची आठवी

"बाई, पोरांना वर्गात सिनेमा दाखवता म्हणे. मग ती खोटं तेच खरं धरून बसायची न्हाईत का?" पालकसभेत दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. यंदा एका आजोबांनी विचारलं. मागं रांग होती, त्यामुळे त्यांना घाईघाईत अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहिते.

मी शिराळा तालुक्यात हायस्कूलला इतिहास शिकवते. आमची मुलं वर्गात येतात तीच सिनेमे बघून. महाराजांचं नाव निघालं की त्यांच्या डोळ्यांपुढे नटाचा चेहरा उभा राहतो. सहलीत प्रतापगडाच्या तटावर उभा राहून एक मुलगा म्हणाला होता, "बाई, ह्यो गड लईच बारका हाय." पडद्यावर त्यानं फार मोठा पाहिला होता. घरोघरी मोबाइल आहेत, तेव्हा 'बघू नका' म्हणून काही उपयोग नाही. बघायचंच आहे तर माझ्यासमोर बघावं, एवढं मला कळतं.

सुरुवातीला मी चुकलेही. एका लढाईचा प्रसंग सलग 20 मिनिटं दाखवला. मुलं खूश, मीही खूश. मग चाचणीत एका मुलानं सिनेमातला संवाद जसाच्या तसा अवतरणचिन्हांत लिहिला, जणू तो सरदार खरंच तसं बोलला होता. त्या मुलाला काय बोलणार? हे वाक्य पटकथाकाराचं आहे, असं मी कुठे सांगितलं होतं?

आता 4 मिनिटांच्या वर काही दाखवत नाही. तास 35 मिनिटांचा, त्यातला उरलेला सगळा वेळ बोलायला आणि लिहायला. नेटचा भरवसा नसतो म्हणून तुकडा आधीच पेनड्राइव्हवर घेते आणि घरी तीन-चार वेळा बघून ठेवते. वहीच्या पानावर मुलं मधोमध रेघ मारतात. डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'हे कशावरून'.

सविनय कायदेभंगाला मी 1982 च्या 'गांधी' सिनेमातला, गुजरातमधल्या धारासणेच्या मिठाच्या सत्याग्रहाचा प्रसंग घेते. आधी आवाज बंद. माणसांची रांग मिठागराच्या दाराकडे चालत जाते, समोर लाठ्या घेतलेले शिपाई. रांग कोसळते, बायका जखमींना उचलून बाजूला नेतात, मागची रांग पुढे येते. संगीत नसलं की कुठे गहिवरायचं हे कुणी सांगत नाही, मुलं आपापल्या डोळ्यांनी बघतात. एकदा एका मुलीनं डाव्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: 'कोणीच हात वर केला नाही.'

मग आवाजासकट पुन्हा. आता वॉकर नावाचा पत्रकार फोनवरून बातमी सांगताना ऐकू येतो. उजव्या रकान्यासाठी मी सांगते, की 21 मे 1930 ला धारासणेला हे घडलं. गांधीजी तेव्हा तुरुंगात होते, नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होतं. आणि वॉकर नावाचा पत्रकार तिथे नव्हता.

"म्हंजे ह्यो मानूस खोटाच व्हय, बाई?"

दरवर्षी हा प्रश्न येतो आणि मी त्याचीच वाट बघत असते. तिथे युनायटेड प्रेसचा वेब मिलर हा अमेरिकन पत्रकार होता. लाठ्या चुकवायला एकानंही हात उचलला नाही, असं त्यानं लिहिलं. तात्पुरत्या दवाखान्यात जाऊन त्यानं जखमी मोजले, 320. दोघांचा मृत्यू झाला होता. त्याच्या तारा सरकारनं अडवायचा प्रयत्न केला, तरी बातमी जगभर गेली. हे ऐकलं की मघाची मुलगी आपलं वाक्य पुन्हा वाचते. मिलरनं डोळ्यांनी पाहिलं तेच तिला पडद्यावर दिसलेलं असतं. म्हणजे नाव बनवलेलं, पण हात न उचलणं खरं. एकाच चार मिनिटांत दोन्ही असतं. ते वेगळं करता येणं हाच माझा विषय आहे. पुस्तकातला परिच्छेद पाठ करून हे येत नाही, हे मी इतक्या वर्षांनी ठामपणे सांगते.

मग आम्ही घरी येतो. आपल्याकडे समुद्र नाही, मीठ कुठून उचलणार? म्हणून लोकांनी जंगलचा कायदा मोडला. 1930 चा बिळाशीचा सत्याग्रह आमच्याच तालुक्यातला. कागदपत्रांत मुलं 'सांगली जिल्हा' शोधत बसतात, तेव्हा सांगावं लागतं की हा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. बिळाशीचा प्रसंग दाखवायला माझ्याकडे तुकडा नाही. म्हणून मुलांना विचारते, तुम्ही सिनेमा काढलात तर कॅमेरा कुठे ठेवाल? कुणी झाडावर म्हणतं, कुणी पोलिसांच्या मागे. यंदा एकजण म्हणाली, "बाया भाकरी बांधून देत असतील, तितनं सुरू करीन."

मी विचारलं, "कशावरून?"

तिनं दोन दिवस घरात आणि भावकीत विचारलं. पणजीच्या गोष्टी आजीला आठवत होत्या, पण भाकरीचं कुणालाच काही सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी वही तपासायला आली. डावीकडे भाकऱ्या बांधणाऱ्या बाया, अगदी फडक्याच्या गाठीसकट. उजवा रकाना तिनं मोकळा ठेवला होता.