ऑईल बोल्टचे आटे

शुक्रवार, रात्री

मोटरसायकलच्या पोटाखालची प्लेट काढली आणि पार्किंगच्या फरशीवर रोज पडणाऱ्या काळ्या थेंबांचा उगम सापडला. ऑईल काढायच्या बोल्टभोवती कुणीतरी एमसील लिंपून ठेवलेलं. ते खरवडलं, पाना लावला, तर पान्याची गरजच नाही. बोल्ट बोटांनी फिरतोय. फिरतोय आणि जागचा हलत नाही. खाली ओढून धरत फिरवला तेव्हा कुठे बाहेर आला. त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. ती तार म्हणजे इंजिनच्या चेंबरचे, म्हणजे ऑईल साठतं त्या खालच्या कप्प्याचे, आटे. आत राहायचे ते बोल्टला चिकटून बाहेर आले.

गाडी जुन्या हाताची घेतलेली. आधीच्या मालकाने केलं की त्याच्या मेकॅनिकने, आता शोधून उपयोग नाही. पण एमसील लावणाऱ्याला सगळं ठाऊक होतं एवढं नक्की. विकताना चेंबर खालून काय छान पुसून दिलं होतं!

राग येण्याचं कारण पैसा नाही. रविवारी यावलकडे शेतात भरीत पार्टी आहे. त्याआधी सकाळी मनुदेवीच्या अंगाने नाल्यातून, दगडगोट्यांतून गाडी काढायचं ठरलंय. इंजिनात ऑईल मावतं लिटर-सव्वा लिटर. अशा वाटेवर हा बोल्ट गळून पडला, तर आपल्याला कळेपर्यंत पिस्टन धरलेला, म्हणजे जाम झालेला असेल.

शनिवार

दिवसभर सल्ले. प्रत्येकाकडे उपाय आहे आणि प्रत्येकाचा उपाय दहा मिनिटांचा आहे. टेफ्लॉन टेप गुंडाळ. बोल्टला अरल्डाईट लाव आणि विसरून जा. पुढचं ऑईल वरून पिचकारीने ओढून काढ. एकाने तर बोल्ट वेल्डिंगने कायमचाच बंद करायला सांगितला. टेफ्लॉनची टेप नळाच्या पाईपाला ठीक. तिथले आटे निमुळते असतात, आवळत जाऊ तसे ते एकमेकांत दाबून बसतात. ऑईलचा बोल्ट सरळ आट्यांचा. तो आट्यांनी गळती थांबवतच नाही. गळती थांबते बोल्टच्या डोक्याखालच्या वायसरने. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मऊ वायसर दोन सपाट तोंडांमध्ये दबतो आणि तेलाची वाट बंद होते. आट्यांचं काम फक्त तो दाब धरून ठेवायचं.

हे डोक्यात नसल्यामुळेच आटे जातात, असं माझं ठाम मत झालंय. ऑईल बदलताना वायसर तोच जुना, एकदा दबून कडक झालेला. तो थोडा पाझरतो. मग "अजून थोडा टाईट कर." पुन्हा पाझरतो. मग पान्याला पाईप लावून. बोल्ट पोलादी, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव. दोघांच्या भांडणात हरणार कोण हे आधीच ठरलेलं. शिवाय सगळ्या आट्यांवर सारखा भार येतो असंही नाही. तोंडाकडचे तीन-चार आटेच बहुतेक भार घेतात. ते सोलले गेले की मागचे एकेक करून जातात.

आज कागदावर हिशेब मांडून पाहिला. बारा मिलीमीटरच्या अशा बोल्टला साधारण 25 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, पुरतो. म्हणजे 25 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. दहाच किलो! आणि आपल्याकडे हातभर पाईप लावून त्यावर अंग टाकणारे मेकॅनिक पाहिलेत. साठ किलोचा माणूस निम्मा भार टाकून रेलला तरी हिशेब कुठल्या कुठे जातो.

संध्याकाळी नानांना फोन केला. नाना म्हणजे वडिलांचे जुने स्नेही. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या आणि पाईपच्या कारखान्यांच्या डाय, म्हणजे साचे, दुरुस्त करण्यात हयात गेली. आता घरामागच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि मनाला येईल तेवढंच काम. मी सगळी रामकथा सांगून झाल्यावर म्हणाले, "तू कसाले गरम व्हस? आटा ग्यात, इंजिन नही गयं. सकाळी ये."

भरीत पार्टीला जायचं असेल तर बसने जाऊ.

रविवार, रात्री

गाडी ढकलत नेली. नानांनी पट्टा फ्रेममध्ये अडकवून चेनपुलीने छातीच्या उंचीला टांगली. का, तर भोक जमिनीकडे राहिलं पाहिजे. आटे मारताना निघणारा कीस खाली पडेल, इंजिनात जाणार नाही. गाडी आडवी पाडून हे काम करणारे पाहिलेत, दिसायला सोपं वाटतं. पण कीस आत राहिला तर चुंबकाचा उपयोग नाही, अ‍ॅल्युमिनियम त्याला दाद देत नाही.

नानांचा बेत हेलिकॉईलचा, म्हणजे भोक कोरून त्यात नवे आटे म्हणून तारेची गुंडाळी बसवायची. मी विचारलं, बोल्टच चौदाचा का नको? भोक मोठं करू, मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू, विषय संपला. नानांनी कॅलिपर माझ्या हातात दिला. हेलिकॉईल बसवायलासुद्धा जवळजवळ चौदा मिलीमीटरपर्यंतच कोरावं लागतं, म्हणजे धातू दोन्हीकडे सारखाच जातो. फरक पुढे पडतो. चौदाचा बोल्ट पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच्याच आट्यांत बसणार आणि पुन्हा कुणीतरी पाईप लावणार. हेलिकॉईल स्टेनलेस स्टीलची, त्यामुळे आटे स्टीलचे होतात आणि बोल्ट कंपनीचाच, बाराचा राहतो. कुठल्याही गावात मिळेल असा. पक्का बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली जाड नळी, आणखी मजबूत, पण त्याला भिंत आणखी कोरावी लागते, आणि या चेंबरचा उंचवटा पाहून नाना नको म्हणाले.

हेलिकॉईल पहिल्यांदा हातात घेतली. पेनातल्या स्प्रिंगसारखी दिसते, पण तारेचा छेद गोल नसतो, चौकटच्या पत्त्यावरच्या आकाराचा असतो. त्यामुळे तिच्या बाहेरच्या बाजूलाही आटे तयार होतात आणि आतल्याही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत ही चीज वापरली जायची, हे मात्र नानांना मी सांगितलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

आधी ड्रिल. मग तिचा वेगळा टॅप; साधा बाराचा किंवा चौदाचा चालत नाही. टॅपच्या खाचांमध्ये ग्रीस गच्च भरलं, कीस त्यातच अडकतो. अ‍ॅल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब. टॅप सरळ धरायला एक गुण्या घेऊन मी खाली बसलो, नाना फिरवत होते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवलं की कीस तुटतो. दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर, पुसायचा, नवं ग्रीस, परत आत. माझा हात एकदा शिवशिवला, म्हटलं मी फिरवतो. दिला. पुढे जाताना काही नाही, पण मागे घ्यायची वेळ आली की आपला हात आपोआप पुढेच जाऊ पाहतो. नाना लक्ष ठेवून होते, "मागे, मागे" म्हणत. चहा येऊन गार झाला. एवढ्याशा भोकाला एवढा वेळ, हे मेकॅनिकच्या दुकानात परवडणारं नाही हे कबूल. तिथे रांगेत सहा गाड्या उभ्या असतात.

मग पेट्रोलने आटे धुऊन कोरडे केले, बाहेरच्या बाजूला थोडं लाल थ्रेड लॉकर (आटे पक्के धरणारा डिंक), आणि हेलिकॉईल आत. ती तोंडापासून अर्धा फेरा आत बसवली. वर डोकावली तर वायसर सपाट बसणार नाही. आतल्या टोकाला एक आडवी शेपटी असते, बसवायच्या अवजाराने तीच पकडून फिरवतात. काम झाल्यावर ती तोडायची. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, भोकात ती तळाशी पडून राहिली तरी चालतं, पण इथे भोक थेट इंजिनात उघडतं. नानांनी लांब नाकाच्या पक्कडीने ती पकडून हलवून तोडली, माझ्या तळहातावर ठेवली आणि मगच हात पुसले.

वायसरबद्दल मला एक शंका होती. भोक आता बाहेरून चौदाचं. बाराचा वायसर ते झाकेल का? वीस मिलीमीटरच्या वायसरची बाहेरची कड सपाट जागेवर व्यवस्थित बसते. मोजूनच लावला.

शेवटी स्वस्तातलं ऑईल वरून ओतून उघड्या भोकातून मलमलच्या फडक्यावर गाळलं. पहिल्या गाळणीत चंदेरी ठिपके दिसले, दुसऱ्यात नाही. नाना म्हणाले, तरी तिसऱ्यांदा ओत. नवा वायसर, ऑईलची जाळी धुतली, फिल्टर नवा. बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेला जोर आला की तो "कट" वाजतो. "कट" वाजल्यावर मी सवयीने अजून थोडा दाबायला गेलो तर मनगट धरलं.

पैसे घेतले नाहीत. हेलिकॉईलचे घे म्हटलं तरी नाही. पार्टीहून येताना भरीत आणि कळण्याच्या भाकरी नेऊन दिल्या, बसनेच.

बुधवार

दोन दिवस ऑफिसला गाडी नेली. प्लेट मुद्दाम बसवली नव्हती, बोल्ट दिसायला हवा म्हणून. रात्री खाली कागद पसरून ठेवला होता, सकाळी कोरडा. आज ऑईल गरम असतानाच काढलं, फडक्यावर पुन्हा गाळलं, स्वच्छ. हे ऑईल धुण्यापुरतंच होतं, आता चांगलं भरलं. वायसरचं पाकीट आणून टूलकिटात टाकलं, कारण गाडी सर्व्हिसिंगला कुठेही गेली तरी वायसर माझाच जाणार. दुकानदाराने विचारलं, "एवढे कशाला भाऊ?" उरलेले मित्राला देणार आहे. त्याच्या गाडीखालीही मला परवा काळा डाग दिसला, आणि तो शनिवारी ऑईल बदलायला जातोय.