नाडी उभं राहून मोजा : लाँग कोविडचा माझा अनुभव

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." कोल्हापुरातल्या एका ओपीडीत हे वाक्य मी तीनदा ऐकलं. आजही आठवलं की चीड येते. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड होऊन गेल्यावर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासात, रिपोर्ट नॉर्मल येणं नेहमीचंच आहे. ईसीजी आडवं झोपवून काढतात, बीपी खुर्चीत बसवून बघतात. धडधड, गरगरणं, डोकं बधिर होणं मात्र उभं राहिल्यावर सुरू होतं. मग ते सापडणार कुठून?

शेवटी घरीच मोजलं. दहा मिनिटं पलंगावर गप पडून राहायचं, नाडी आणि बीपी लिहायचं. मग उठून भिंतीला पाठ टेकायची, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढं. १० मिनिटं दर मिनिटाला नोंद करायची. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पोटऱ्या हलल्या की रक्त वर ढकललं जातं आणि आकडा फसवा येतो. शेजारी माणूस हवाच, चक्कर आली तर लगेच आडवं व्हायचं. बीपी न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर पॉट्सची (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याचा विकार) शंका घ्यायची. पहिल्या ३ मिनिटांत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं, तर तो वेगळा दोष, उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा. माझी नाडी ७४ वरून ११२ वर गेली. तो कागद पुढं ठेवला तेव्हा कुठं डॉक्टरांनी उभं करून तपासलं.

लाँग कोविड म्हणण्याआधी दुसरी कारणं वगळायला हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, साखर करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ ची व्याख्या असं म्हणते : संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी असलेली, किमान २ महिने टिकलेली आणि दुसऱ्या आजारानं उलगडत नसलेली लक्षणं. जुना आरटीपीसीआर हरवला असेल तरी अडून बसू नका, व्याख्येत खात्रीच्या कोविडबरोबर संभाव्य कोविडही धरलाय.

"सकाळी रंकाळ्याला फेरी मारा, बरं वाटेल" हा सल्ला सगळे मायेनं देतात. पण श्रमानंतर ज्यांचा त्रास वाढतो त्यांना तो महागात पडतो. त्या दिवशी काही होत नाही. बहुधा १२ ते ४८ तासांनी माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणून कारण लक्षातच येत नाही. वहीत दोन रकाने करा : काय केलं, आणि दोन दिवसांनी कसं वाटलं. दोन-तीन आठवड्यांत आपली मर्यादा कळते. तिच्या आतच राहायचं, बरं वाटलेल्या दिवशीसुद्धा.

वास गेला असेल तर लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, प्रत्येकी २० सेकंद हुंगायचं, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने.

आणि हो, ऑक्सिमीटर लावताना बोटावर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोट थंडही नको. आकडा चुकतो.