झेरॉक्सच्या दुकानापासून पहिल्या घरापर्यंत – आमची वाटचाल

आमचं ऑफिस नवी मुंबईत कोपरखैरण्यात आहे, दुकानाचा गाळा आणि वर माळा, आणि बोर्डावर एका कोपऱ्यात 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन भाडेकरार' हे अजून लिहिलेलं आहे. बरेच जण सांगतात की आता ते काढा, एस्टेट एजंटच्या बोर्डावर बरं दिसत नाही. पण आमचा धंदा सुरू झाला तोच त्या मशीनवर, आणि आजही कोणी आधार कार्डची झेरॉक्स मागितली तर आम्ही काढून देतो, त्यामुळे बोर्ड आहे तसाच राहू दे.

वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, मूळ गाव पाटणकडचं, माथाडींच्या चाळीत आमचं बालपण गेलं. मी दुकान टाकलं तेव्हा एस्टेट एजन्सी वगैरे काही डोक्यात नव्हतं. पण झेरॉक्सवाल्याच्या हातातून सगळ्या एरियाचे कागद जातात हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोणाचं इंडेक्स टू (व्यवहार रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा), कोणाचं सिडकोचं (नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था) अलॉटमेंट लेटर, कोणाचा जुना अॅग्रीमेंट, एकेका फ्लॅटची तीन-चार मालकांची फाइल. ब्रोकर लोक यायचे, घाईत असायचे, 'लवकर दे रे, पार्टी थांबलीय'. मी आणि बायको (आता फर्मची अर्धी मालकीण, खरं सांगायचं तर पाऊण) पानं लावता लावता वाचायचो आणि हळूहळू आम्हाला कळायला लागलं की कुठल्या फ्लॅटची फाइल पूर्ण आहे आणि कुठे मधला एक दुवा गायब आहे.

एक उदाहरण देतो कारण हे कोणालाही जमण्यासारखं आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघायचं. पुढच्या बाजूला पहिल्या सभासदाचं नाव असतं, मागे ट्रान्सफरचा तक्ता असतो, कधी कोणाच्या नावावर झालं, खाली सेक्रेटरी-चेअरमनच्या सह्या. तुम्हाला जो माणूस घर विकतोय त्याचं नाव त्या तक्त्यात शेवटचं असायला पाहिजे. नसेल तर लगेच घोटाळा आहे असं नाही, बऱ्याचदा नुसता आळस असतो, पण टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची पहिली रक्कम, देण्याआधी विचारायचा तो पहिला प्रश्न. आम्हाला हा मागचा कागद वाचायची सवय मशीनमुळेच लागली, मशीनवर दोन्ही बाजू काढाव्या लागतात ना.

मग भाडेकरार ऑनलाइन झाले, थम मशीन घेतलं, लोकांच्या घरी जाऊन अंगठे घ्यायला लागलो, मालक ओळखीचे झाले, मालकांनी भाडेकरू आणायला सांगितलं, भाडेकरूंनी दोन-तीन वर्षांनी विचारलं की 'दादा, आता विकतच घेऊ म्हणतोय, काय बघता येईल?' असं ते होत गेलं. 2017 ला रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांना नोंदणी लावणारा कायदा, लागू झाला तेव्हा आम्ही रीतसर नंबर काढला. आमचा नंबर ए517 ने सुरू होतो, 517 म्हणजे ठाणे जिल्हा. ऐरोली ते बेलापूर सगळं ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-कामोठे रायगडमध्ये, तिकडच्यांचा 520. एजंटला नंबर विचारा आणि महारेराच्या (रेराचं राज्यातलं सरकारी ऑफिस) साइटवर टाकून बघा, त्यात कोणी रागावण्यासारखं काही नाही आणि जो रागावला त्याच्याबद्दल तुम्हाला तिथेच कळलं. 2023 पासून तर ट्रेनिंग आणि परीक्षापण आली. आमच्या बायकोने पहिल्या झटक्यात पास केली, मी अभ्यासाला बसलो तेव्हा ती मला प्रश्न विचारत होती, घरातलं वातावरण दहावीसारखं झालं होतं.

आता मुद्द्यावर येतो. पहिलं घर घेणारी माणसं हाच आमचा धंदा झाला, तो आम्ही ठरवून केला असं नाही. मोठे ब्रोकर तेव्हा उलवे-खारघरच्या इन्व्हेस्टरमागे होते, एक इन्व्हेस्टर दोन फ्लॅट घेतो आणि साइटवरसुद्धा येत नाही. पहिलं घर घेणारा नवरा-बायको येतात, मग आईला घेऊन येतात, मग मेव्हण्याला, मग पितृपक्ष लागतो, मग दसऱ्याला बघू म्हणतात. एवढा वेळ कोण देणार? ते आमच्याकडे उरायचे. आम्ही दिला वेळ, कारण झेरॉक्सचं गिऱ्हाईक येत राहायचं, दुकान तसंही उघडंच होतं.

आणि या लोकांबरोबर काम करताना एक गोष्ट पक्की कळली की एजंटशी संबंध चांगले ठेवायचे म्हणजे त्याला चहा पाजायचा किंवा गोड बोलायचं असं नाही. त्याला खरा आकडा सांगायचा, एवढंच. लोक हाच लपवतात. साठ लाख झेपत असतात तर पन्नास सांगतात, वाटतं की एजंट दहा वाढवणारच आहे. आता पन्नास ऐकून एजंट काय करणार, तो तुम्हाला पन्नासवालंच दाखवणार, दोन रविवार फुकट जाणार, तुम्ही म्हणणार याच्याकडे काही चांगलं नाहीच, आणि तो म्हणणार या पार्टीला घर घ्यायचंच नाही. दोघंही चूक आणि दोघांनाही कळत नाही.

एक जोडपं आठवतं, ती वाशीच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, तो महापेच्या कंपनीत. ताईंनी पिशवीतून मुलाची शाळेची वही काढली, मागच्या पानांवर हिशोब. दोघांचा पगार हातात किती येतो, क्रेडिट सोसायटीचं कर्ज किती कापतं, पीएफमधून किती निघेल, सासूबाईंनी किती द्यायचं कबूल केलंय आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मी ते पान बघितलं आणि बायकोला म्हटलं यांना पुढच्या आठवड्यात घर मिळणार. अगदी आठवड्यात नाही मिळालं, पण जे दाखवलं ते सगळं त्यांच्या कामाचं होतं, आणि कामाचं दाखवता आलं ते त्या वहीमुळे.

हिशोबाचं म्हणाल तर बहुतेक जण फक्त फ्लॅटची किंमत धरतात. समजा 60 लाखांचा रिसेल फ्लॅट आहे. 30 लाखांच्या वर 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 48 लाख, तेही तुमचा पगार तेवढा असेल तर. 12 लाख तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी आपल्याकडे 7 टक्के धरा, 4 लाख 20 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, आमची दलाली 1 टक्का म्हणजे 60 हजार, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार, बँकेची प्रोसेसिंग फी, आणि सिडकोची जमीन असेल तर सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस वेगळे. सतरा-अठरा लाख हातात पाहिजेत आणि लोक बारा घेऊन येतात. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, इथे 60 हजार वाचतात, पण नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की सूट गेली. हे सांगितलं की दोन मिनिटं ऑफिसमध्ये शांतता असते, मग नवरे हसतात. अजून एक, 50 लाख किंवा त्याच्या वर व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस (सेलरच्या नावाचा आयकर) तुम्ही कापून भरायचा असतो, तो सेलरच्या पैशातून जातो पण भरायची जबाबदारी तुमची, नाहीतर नोटीस तुम्हाला येते.

आता पाच एजंटवाली गंमत. रिसेलमध्ये एकच फ्लॅट चार-पाच एजंटकडे असतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतो, एकाकडे बायर असतो दुसऱ्याकडे सेलर, दलाली आपापल्या पार्टीकडून. आमच्यात याला साईड बाय साईड म्हणतात. तुम्ही हुशारी म्हणून पाचही जणांना फोन केला. पाचही जण मालकाला फोन करतात, 'पार्टी आहे, आज दाखवू का?' मालकाला काय माहीत पाचही फोन तुमच्याच एकट्याचे आहेत, त्याला वाटतं आपल्या फ्लॅटवर उड्या पडतायत, आणि संध्याकाळी तो दोन लाखांनी वर जातो. म्हणजे स्वतःचाच भाव तुम्ही स्वतः वाढवला. असं मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही. म्हणून आम्ही सांगतो की एरियाप्रमाणे एक-एक एजंट धरा, घणसोलीला एक, नेरुळला एक, हरकत नाही, पण एकाच सेक्टरमध्ये चार नको. आणि एकाने आधीच दाखवलेला फ्लॅट दुसऱ्याने पाठवला तर लगेच सांगा की हा बघितलाय, अमुक माणसाने दाखवलाय. हे एक वाक्य बोलणाऱ्या पार्टीला एजंट लोक फार मानतात, आपसात सांगतातसुद्धा.

तसंच 'नाही' सांगायचं. 'बघून कळवतो' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. नाही आवडलं तर का नाही ते सांगा, किचनमध्ये दोन माणसं उभी राहत नाहीत, समोर बारची पाटी दिसते, आईला तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय जमणार नाही, काहीही. मला वाईट वाटत नाही, घर माझं नाहीये. उलट तिसऱ्या-चौथ्या व्हिजिटला तुम्हाला काय नको ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळलेलं असतं, आणि मग मी फोन करतो तो खरंच उठून यावं असा असतो.

दलाली पहिल्याच भेटीत बोलून घ्या, किती, कधी द्यायची, जीएसटी त्यात का वर, आणि एका ओळीचा का होईना मेसेज ठेवा. आम्ही टोकनला अर्धी मागत नाही, रजिस्ट्रेशन झाल्यावर घेतो, काही जण आधी घेतात, त्यांचंही काही चुकीचं नाही, फक्त आधी ठरलेलं बरं. बिल्डरच्या नवीन प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडून दलाली नसते, ती आम्हाला बिल्डर देतो. म्हणजे त्या प्रोजेक्टबद्दल माझी जीभ जरा गोड होणार हे तुम्ही धरूनच चाला, मी स्वतःही गिऱ्हाइकाला सांगतो की इथे मला पैसे समोरून मिळतात. आणि तिथे रजिस्टर्ड अॅग्रीमेंट होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदाच आहे, 'ऑफर आज संपतेय' म्हणून कोणी जास्त मागितले तर पर्स बंद. पनवेलकडच्या एका बिल्डरने आमचे पैसे दीड वर्ष लटकवले होते, तेव्हापासून आम्ही नवीन प्रोजेक्ट कमीच करतो, रिसेल बरा, मेहनत जास्त पण माणूस समोर असतो.

गावठाणातल्या बिल्डिंगचा विषय टाळता येत नाही. कोपरखैरणे, घणसोली, तळवली, रबाळे, कुठेही जा, सेक्टरपेक्षा स्वस्त घर दाखवणारे आहेत. ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नाही, चांगल्या बँका लोन देत नाहीत, आणि एजंट म्हणतो 'लोनचं मी बघतो'. ज्या एजंटने स्वतःहून ओसी दाखवली तो तुमचा, ज्याला तुम्ही मागितल्यावर 'सगळे राहतातच की' असं उत्तर सुचलं त्याच्याशी नमस्कार-चमत्कार ठेवा, टोकन ठेवू नका. ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांना मी सांगतो की अजून दोन वर्षं भाड्याने राहा, मी भाड्याचं चांगलं बघून देतो. यात आमची दलाली जाते, पण ती माणसं परत येतात, बरीचशी.

2020 चा काळ वेगळाच होता. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, मशीन बंद, आणि मग सरकारने 1 सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत स्टॅम्प ड्युटी 3 टक्क्यांनी कमी केली, पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी, आणि जी माणसं दोन-दोन वर्षं बघत होती ती सगळी एकदम उठली. रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर मास्क लावून रांगा, टोकन नंबर, आम्ही डबा घेऊन जायचो. त्यावेळी ज्यांची कागदपत्रं आधीपासून आमच्याकडे लावून ठेवलेली होती त्यांचं झालं, बाकीचे शेवटच्या आठवड्यात पळत होते. माळ्यावर दुसरं टेबल आलं ते त्याच वर्षाच्या जोरावर.

आता विमानतळ सुरू झाला, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन आणि डिसेंबरअखेर विमानं, तेव्हापासून प्रत्येक फोनमध्ये 'भाव अजून वाढणार ना?' असतं. वाढतील, नाही वाढणार, तो इन्व्हेस्टरचा हिशोब आहे. तुम्ही राहायला घेताय तर पाणी किती वाजता येतं, स्टेशनला चालत किती, शेअर रिक्षा रात्री मिळते का, सोसायटीचा मेंटेनन्स किती आणि थकबाकीदार किती, हे विचारा. चांगला एजंट याची उत्तरं बिल्डिंगच्या वॉचमनला विचारून ठेवतो, मी तर आधी वॉचमनशीच बोलतो, सेक्रेटरी नंतर.

ऑफिस सोमवारी बंद असतं, रविवारी चालू. पहिल्या भेटीला घर दाखवणार नाही, आधी माळ्यावर बसून हिशोब करू, त्याचे पैसे घेत नाही. येताना दोघांच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणा, चालू कर्जाचे हप्ते लिहून आणा, आणि शक्य असेल तर मेव्हण्याला पहिल्याच दिवशी घेऊन या, त्याचे प्रश्न नंतर येण्यापेक्षा आधी आलेले परवडतात. झेरॉक्स इथे काढून मिळेल.